कडेपुरतं ओलं छप्पर

शेजारच्या काशिनाथने मला फसवलं. आज ओल्या गोणपाटाचा वास आला आणि टोकावड्यातली माझी कोंबड्यांची शेड आठवली.

पत्रा तापू नये म्हणून मुरबाडहून घासाघीस करून आणलेली गोणपाटं मी छपरावर अंथरली होती. पिंपातल्या पाण्याने ती भिजवायचं काम काशिनाथकडे होतं. रस्त्यावरून कडा ठिबकताना दिसायच्या, तरी आत कोंबड्या धापा टाकत मरत होत्या.

एका दुपारी मी शिडीने वर चढलो. कडेची गोणपाटं ओली, मधली कोरडी आणि चटका देणारी.

"पाणी मारलंस ना रे?"

"मारलं ना, शेठ! ऊन माझं ऐकतं काय? लगेच सुकतंय."

तेव्हा मी उन्हालाच शिव्या घातल्या. पण त्याचा मिरचीचा वाफा तेवढा हिरवागार होता, हे आज आठवतंय. काशिनाथ, माझं पिंप कुठं रिकामं केलंस, सांग.