व्याही आणि अडकलेलं माउंट

आमचे व्याही जिला भ्याले नाहीत अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही. मुलगी बघायला तळेगावला आले, तेव्हा आमच्या बैठकीतल्या पंख्याखाली बसायला त्यांनी साफ नकार दिला. "चांगला हाय वो पंखा, पर हाय तर डोक्यावरच," म्हणाले, आणि माझ्या लेकीची सोयरीक उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या ठरली. दौंडच्या एसटीत चढताना हे ड्रायव्हरला झोप झाली का ते विचारतात, आणि 'झाली' म्हटलं तरी एकदा उतरून टायर बघून येतात. धुळीचं भय तर विचारूच नका. टीव्हीचा रिमोट, मोबाइल, चष्म्याचं घर, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांच्याकडे चहाला गेलं की मला वाटतं, आता कपबशीसुद्धा गाठ मारूनच येणार.

असल्या माणसाने पोटासाठी काय धरावं? शिरूरच्या एका हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम! तिथे फोटो, रिपोर्ट ठेवायला एक मोठा कॉम्प्युटर आहे, सर्व्हर, वेगळ्या खोलीत. त्यातलं फोटो-रिपोर्टांचं कपाट बाकीच्या कॉम्प्युटरांना आपल्याच घरातलं वाटावं अशी वायरीतून जोडणी केलेली. तिला हे 'माउंट' म्हणतात. सर्व्हर गप्प झाला, की कपाटात हात घातलेला कॉम्प्युटर तसाच ताटकळतो. पुढे जात नाही, मागे येत नाही, चाललेलं काम मारलं तरी मरत नाही. "भुताला येवढा भ्येत न्हाई मी," असं ते म्हणायचे, आणि मी त्यांची भरपूर टिंगल करायचो.

मग गेल्या उन्हाळ्यात शिरूरच्या बाह्यवळणावर एका टेम्पोने माझ्या लेकीची स्कूटी उडवली. तिला ह्याच हॉस्पिटलात आणलं. पोटात रक्त साचत होतं, आणि ते कुठून येतंय हे दिसल्यावर सर्जन पोट उघडणार होते. स्कॅन झाला, फोटो सर्व्हरवर जायला लागले, आणि निम्म्यावर स्क्रीन गोठला. स्कॅनवाला म्हणाला, मशीन बंद करून चालू करू आणि पुन्हा स्कॅन काढू. पुन्हा म्हणजे तिला परत हलवायचं, आणि तिचं बीपी तर उतरत चाललं होतं.

व्याही बटणापुढे आडवे उभे राहिले. "कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले. "फोटो आजून त्याच्या पोटात हायेत. बंद केलं की गेलं. सर्व्हर बोलला की हाय तिथनं पुढं चालू हुईल."

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, कपाटाला न शिवता, त्यांनी सर्व्हरला नुसती हाक घातली. उत्तर नाही. त्याच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर तो आपला मजेत चालू. म्हणजे घोटाळा वाटेतच कुठेतरी. हे जिन्याखाली रांगत शिरले, मागोमाग मी. सगळ्या वायरी जिथे मिळतात तो छोटा डबा तिथे होता, आणि तो डबा पिशवीत होता. धुळीच्या भयाने व्याह्यांनीच घातलेला, वर दोन गाठी. हात लावला तर तव्यासारखा तापलेला, दिवे विझलेले.

त्यांनी दातांनी पिशवी फाडली, प्लग उपटला. मी टोपीने वारा घालत राहिलो. जरा निवल्यावर प्लग परत लावला, तसे दिवे लुकलुकले, आणि स्कॅनच्या खोलीतून कुणीतरी ओरडून सांगितलं की फोटो जायला लागले. थांबले होते तिथूनच.

ऑपरेशन चालू असताना ते कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पाव्हणं, माझ्या भ्यानं पोरगी गेली आसती," एवढंच बोलले. बटणापुढे तुम्हाला उभं केलं तेही तुमच्याच भीतीने, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही काही पटत नव्हतं, नुसतं रडू येत होतं.

संध्याकाळी लेक शुद्धीवर आली. मी, जन्मदाता बाप, समोर उभा. माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणते काय, "आप्पा, मामंजी कुठंयत? लई भ्याले असतील वो ते. काय खाल्लं का त्यांनी?"

मामंजी दाराआडच होते. आत या म्हटलं तर येईनात, नुसती मान हलवत राहिले. शेवटी मी त्यांचा हात धरला. गार पडला होता तो, आणि माझाही काही फार ऊबदार नव्हता. तसेच आम्ही दोघे म्हातारे एकमेकांना धरून तिच्या खाटेपाशी गेलो.