आप्पा मागून येतात

आई गेल्यापासून माझं आणि आप्पांचं एकच भांडण चालू आहे. मी म्हणते, शिरूरला आमच्या फ्लॅटवर राहायला चला. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणतात, पाय धड हायेत तवर न्हाई. घर केंदूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, रानात एकटंच. शेजार हाकेच्या पलीकडे आणि खालच्या उसात बिबट्या. रोज संध्याकाळी ते फोन उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. उचलला की वर मलाच विचारतात, "काय गं, काय काम हाय?"

भादव्यातल्या एका रविवारी मी स्कूटीवरून गेले आणि चहा व्हायच्या आधीच विषय काढला. मी ही अशीच, दम धरणं मला जमत नाही. "परवा बांधावरून घसरलात, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला," मी म्हणाले. आप्पांचा चेहरा पडला, मग तापला.

"चल," ते उठत म्हणाले. "धबधब्यापतूर जाऊन येऊ. वाटंत कुठं बूड टेकलं तर तुझ्याकडं येतो ऱ्हायला. न्हाई टेकलं तर पुन्हा ह्यो इषय काढायचा न्हाई."

मी लगेच हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी बसावं असंच मला वाटत होतं. ते बसतील याची खात्रीही होती.

धबधबा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे घाटातलं काहीतरी येईल, तर तसं नाही. वनखात्याच्या रानातून एक ओढा येतो आणि काळ्या कातळावरून पत्र्याच्या छपराइतक्या उंचीवरून खाली पडतो. पाऊस बरा झाला तर दसऱ्यापर्यंत टिकतो, नाहीतर आधीच गुल होतो. वाट सोपी, पोरंटोरं शाळा बुडवून जातात तिकडं. आधी बाभळी आणि हिवरं, मग पिवळ्या फुलांची तरवडं, मग थोडा चढ. सुरुवातीलाच बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी आहे, तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

मी पुढं, आप्पा मागं. थोडं चालल्यावर वळून बघितलं तर ते पाचपन्नास पावलांवर. मी थांबले. तर तेही थांबले. मी म्हटलं, दमले बिचारे, मानी माणूस आहे, म्हणून मुद्दाम बुटाची नाडी बांधत बसले. नाडी बांधून झाली तरी ते तिथंच. मी निघाले, तेही निघाले. तरवडांपाशी पुन्हा तेच झालं. चढाला लागल्यावर तर मी हाक मारली, "आप्पा, दमला का?" त्यांनी मान हलवून मलाच हातानं पुढं व्हायची खूण केली. काठी त्यांनी खांद्यावर आडवी टाकली होती आणि दोन्ही हात तिच्यावरून लोंबत सोडले होते. दमलेला माणूस काठी खांद्यावर घेईल का? पण मला जे बघायचं होतं तेच मी बघत होते. मनातल्या मनात त्यांच्यासाठी आमची मागची खोली रिकामी करायला घेतली होती.

धबधब्यापाशी पोचले आणि मीच दगडावर बदकन बसले. धाप लागली होती. आप्पा मागून आले, वहाणा काढून पाण्यात उतरले, तोंड धुतलं, ओंजळीनं पाणी प्याले. उभ्या उभ्या विचारलं, "लई दमलीस व्हय?"

"मी? तुम्हीच मागं राहत होता सारखे."

आप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "मग कुठं ऱ्हाऊ? मेंढरामागनंच चालत्यात. पुढनं गेल्यावर मागलं काय ऱ्हायलं, कसं कळायचं? तू चढाला सारखी थांबत व्हतीस. म्हटलं, पोरीला दम लागतोय, घिऊ दे."

मला हसू आलं ते आवरेना. त्यांच्यासाठी मी थांबत होते आणि माझ्यासाठी ते. मग हळूहळू आठवलं. मी लहान असताना दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचं. आई घोडं धरून पुढं. घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि मी. आप्पा मेंढरं घेऊन मागं, कुठंतरी लांब. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, शेती लागली. आप्पांना चालताना असं मी कधी पाहिलंच नव्हतं. माझं तोंड कायम पुढं असायचं.

"तुझ्या आयचं हिरवं लुगडं दिसायचं लांबनं," आप्पा पाण्याकडं बघत म्हणाले. "डोंगराच्या आडनं एकदा दिसलं का झालं. आज मुक्काम कुठं, ते तिला ठावं. आपण निस्तं मागनं जायचं." मग म्हणाले, "आता सकाळी दार उघडतो, वहाणा घालतो आन् तिथंच उभा ऱ्हातो. कुणीकडं जायाचं, त्येच कळंना झालंय."

मला रडू आलं. मी तोंड धुवायच्या निमित्तानं पाण्यात उतरले. तोवर मला वाटत होतं, प्रश्न त्यांच्या पायांचा आहे.

परतताना मी त्यांना पुढं घातलं. चार पावलं गेले की ते मागं वळून बघत. शेवटी वैतागले. "असं न्हाई चालता येत मला. हो पुढं." मग मी पुढं झाले आणि घर येईपर्यंत थांबले नाही.

आप्पा कुठंही टेकले नाहीत. पैज त्यांची. मी चहा केला, भांडी विसळली, पर्स उचलली. विषय काढला नाही. जीभ आवरून धरणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. स्कूटीला किल्ली लावली तेव्हा आप्पा दारात आले.

"इचार की," ते म्हणाले.

"काय?"

"रोज इचारतीस त्ये."

"आप्पा, पैज तुम्ही जिंकलात."

"जिकली म्हणूनच म्हणतो. पायाचं काय न्हाई, ते तू बघितलंस. आता इचार."

"आप्पा, येता का?"

त्यांनी गोठ्याकडं बघितलं. "शेळी शेजारी सोपवतो. चार कपडे घेतो. उद्याच्या यष्टीनं येतो. तू हो पुढं."

माझी ओढणी त्या दिवशी पिवळी होती. ती मी खांद्यावर मोकळी सोडली आणि वळणापर्यंत गाडी अगदी हळू नेली, त्यांना लांबपर्यंत दिसावी म्हणून.