आजोबांच्या फोटोचं पान

जबलपूरच्या सरकारी अभिलेखागारात जुनी कागदपत्रं काढून देणारे ते गृहस्थ खमरियाहून बसने येत. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना बाबूजी म्हणत, मीही तेच म्हणायचो. फाइल उघडण्याआधी ते मे महिन्यातही पंखा बंद करत, रुमालाला हात पुसत आणि देता-घेताना प्रत्येक पान मोजत.

त्या दिवशी माझ्या आजोबांच्या विडीच्या छापाची, म्हणजे ट्रेडमार्कची, फाइल निघाली. छाप नोंदवण्याच्या अर्जाला त्यांचा फोटो चिकटवलेला होता. आमच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. बाबूजी कपाटाकडे वळले आणि मी ते पान पिशवीत सरकवलं.

फाइल परत घेताना त्यांनी पानं मोजली. थांबले. पुन्हा मोजली. माझ्या कानशिलावरून घाम ओघळला.

"अच्छा," ते हळूच म्हणाले, "एक पान कमी येऊन राहिलं. खाली पडलं असेल. पाहतो मी."

गुडघे धरून ते टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मी पान फाइलीत ठेवलं.

"सापडलं, बाबूजी."

ते टेबलाच्या आधाराने उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "काहून घाबरून राहिले, भैया? अर्ज केला तर कॉपी मिळते ना."

अर्जही त्यांनीच आणून दिला. त्या हिंदी अर्जात, नात्याच्या रकान्यात 'पोता', म्हणजे नातू, लिहिताना मी पहिलंच अक्षर खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

"सावकाश लिहा," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत मी आहे."