देवापासून लांब ठेवलेला कचऱ्याचा डबा

बायको गेली आणि तिचा कॉम्प्युटरही रखडायला लागला. मी सातवी शिकलेला. रिक्षात घातला आणि नारायण पेठेतल्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या. नवीन सिस्टीम यात चालणार नाही."

शेजारी चार्जर घ्यायला आलेली एक पोरगी उभी होती. गळ्यात हिंजवडीच्या कंपनीचं ओळखपत्र, नखं ही एवढी. म्हणाली, "काका, यावर आमची फुकटची सिस्टीम चालेल. घालून देऊ?"

"फुकट वाटता, मग खाता काय?"

"सिस्टीम फुकट. अडलं की कंपन्या आम्हाला बोलावतात, त्याचे पैसे."

"आमच्या हिचं यातलं काही पुसलंत तर याद राखा."

ती हसली. आधी तिने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला.

"हा कशाला?" दुकानदाराने विचारलं.

"सिस्टीम सगळ्यांची असते, पसारा ज्याचा त्याचा असतो."

मग ती कामाला लागली. टाइप करण्याआधी दर वेळी कीबोर्डवर फुंकर मारायची, गरम चहा असल्यासारखी.

शेवटी पडदा उजळला. हिने विणलेल्या टोप्यांचे फोटो मधोमध, गणपती वरच्या कोपऱ्यात, हिने ठेवले होते तसेच. फक्त नव्या सिस्टीमचा कचऱ्याचा डबा नेमका गणपतीशेजारी आला होता. पोरीने मोबाइलमध्ये बघितलं आणि तो खाली पार दुसऱ्या टोकाला नेला. देवाजवळ कचरा नको म्हणून हिनेही तो तिथेच ठेवला होता. मी काहीच सांगितलं नव्हतं.

नाव विचारायचं राहिलं. हिला ती आवडली असती. आधी नखांवरून बोलली असती, मग जेवायला बसवलं असतं.