दुसऱ्या फळीचे सामने

आमच्या पिरंगुटच्या हुतुतूच्या संघात जत्रेतल्या सामन्यांना दरवर्षी तेच सात जण खेळत आणि तुमचे आजोबा त्यांचे कप्तान. माझा दीर चांगला दांडगा गडी, पण तीन वर्षं नुसता काठावर बसून होता. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी अशा बसून राहणाऱ्यांसाठी घोटावडे, उरवडे आणि आमचं गाव मिळून वेगळे सामने आखले. नियम वहीत स्वच्छ अक्षरात लिहिला: जो दुसऱ्या फळीत खेळेल, त्याला त्या वर्षी पहिल्या फळीत खेळता येणार नाही.

बक्षीस म्हणून पितळी घागर ठेवली, तीच माझी चूक. सामन्याच्या सकाळी आजोबा आपल्या सहाही गड्यांना घेऊन हजर!

“आमी समदे कालच पहिल्या संघातनं बाहेर पडलोय. लिव्ह नावं.”

“दादा, घागरीसाठी?” दीर रडकुंडीला आला. “वयनी, मी पुन्यांदा बसूनच ऱ्हाऊ व्हय?”

मी शांतपणे सातही नावं लिहिली आणि नियम मोठ्यानं वाचून दाखवला. “म्हणजे यंदा जत्रेत पहिला संघ भाऊजींचा.”

आजोबांनी वहीकडे हात घातला. “अगं, खोड ती नावं!”

“अहो, शाईनं लिहिलीत.”

अख्खं मैदान हसत सुटलं. दीर मला नमस्कार करायला वाकला आणि तशीच त्यानं कोलांटी मारली.

जत्रेत तो पहिल्याच चढाईत बाद झाला. धुळीनं माखलेला, दात काढत माझ्याकडे धावत आला. “वयनी, बगितलं का? मला धराया चौघं लागली!”