साडूभाऊंचा वण

स्वतःच्या अंगावरच्या वणावर पोटच्या लेकरासारखी माया करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. चितेगावच्या कारखान्यातून घरी येताना पैठण रोडवर त्यांची स्कूटर घसरली, हाताचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत प्लेट बसवली आणि कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले. टाके निघाले, जखम भरली, आणि आमच्या साडूंना आयुष्याचं ध्येय सापडलं. वणाला ऊन लागू देऊ नका, रोज हलक्या हातानं मलम चोळा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यावर हे गृहस्थ पुंडलिकनगरात भाजी आणायलाही बायकोचा फुलाफुलांचा सनकोट घालून निघू लागले. कुणी हसलं तर म्हणत, "हसा खुशाल. वण काळा पडल्यावर तुम्ही येणार का चोळायला?" 'हळद दाबा की,' असं सुचवणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांनी बोलणंच टाकलं.

मी त्यांच्यावर जळत होतो, उघडच सांगतो. त्याच सुमारास माझंही पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, पण दुर्बिणीतून. पोटावर उरली चार बारीक भोकं, तीही शर्टाखाली. दाखवणार काय आणि कुणाला? धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना वैजापूरला जेवायला बोलावलं आणि पंखा सरळ साडूंकडं वळवला.

"मामी, माझंबी ऑपरेशन झालंय," मी म्हणालो.

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या, "पण तुमचं दिसत नाय, जावईबापू."

माझी बायकोसुद्धा "दाजी, हात उशीवर ठेवा" म्हणत धावली. उशी माझ्या पाठीमागची होती.

खरा जीव जळायचा तो संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्यावर. दिवेलागणीला मेव्हणीबाई मलमाची ट्यूब घेऊन त्यांच्याशेजारी बसायच्या, हात मांडीवर घ्यायच्या आणि हळूहळू चोळत दिवसभराचं सांगत राहायच्या. टीव्ही बंद, मोबाईल आतल्या खोलीत. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशेजारी कुणी असं बसल्याचं मला आठवत नाही.

परवा गेलो, तर मेव्हणीबाई मालिका बघत होत्या आणि साडू बाल्कनीत एकटेच. वण इतका फिका पडला होता की शोधावा लागला.

"कमाल केली राव तुम्ही," मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणले, आता काय लावायची गरज नाय." त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि आवाज खाली आणला. "लई जपलं, साडूभाऊ. इतकं जपायला नको होतं."

घरी आलो तेव्हा बायको ओट्याशी भाकरी थापत होती. म्हणालो, "जरा बस की इथं माझ्याजवळ."

"का वो? पोट दुखतंय का?" तिनं घाबरून विचारलं.

दुखत नव्हतं. मी हो म्हणालो.