थूल सरांचा दक्षिणेचा बाक

अमेरिकेचा इतिहास शिकवायचा म्हटला की थूल सर आधी बाक हलवायला लावत. खिडकीकडची रांग उत्तर, भिंतीकडची गुलाम ठेवणारी दक्षिण. मग गोष्ट सुरू. गुलामगिरीविरुद्ध पेटलेला एक म्हातारा गोरा माणूस मूठभर साथीदार घेऊन सरकारी शस्त्रागारावर तुटून पडतो, पकडला जातो, फासावर जातो. सर विचारत, "काय ऐकलं?" उत्तरेची पोरं ओरडत, हुतात्मा. दक्षिणेची ओरडत, खुनी, आता आमच्या घरात घुसतील. वर्ग हातघाईवर आला की सर टाळी वाजवत, "चला, बाक बदला."

मी बदलला नाही. गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाकावर मी बसणार नाही म्हणाले. सर हसले. "बसल्यानं तू त्यायची होत नाई, पोरी. त्यायले काय ऐकू येते, तेवढं समजते." मी तास संपेपर्यंत उभी.

पुढं हिंगणी गावात आम्ही सालदारांसाठी पत्रक काढलं. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतकऱ्याकडे राबणारा गडी. मागणी एकच, आठवड्याला एक सुट्टी. पाडव्याला नवे करार व्हायचे. शेतकरी एक होऊन अडले असते तर आमची माणसं कामाविना घरी बसली असती. मी लिहिलं होतं, सुट्टी न देणारा मालक नव्हे, कसाई आहे. निवृत्त सरांनी ते वाचून भाषेला दाद दिली आणि चप्पल घातली. म्हणे, आता दक्षिणेकडं वाचू, मालकांपुढं.

वाटेत मी चिडून विचारलं, त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा उठाव चूक होता का?

"फूट त्यानं नाई पाडली, थे आधीच होती," सर म्हणाले. "पण दक्षिणेत जे काठावर उभे होते, थेही भेवून तिकडंच सरकले. काठावरचा माणूस हातचा घालवू नोको."

आमचा काठावरचा माणूस म्हणजे गावातले शेतकरी भाऊराव. त्यांच्या ओसरीवर मी पत्रक खणखणीत वाचलं. 'कसाई'वर ते ताडकन उठले. "मास्तर, हे ऐकवाले आणलं का हिले? आमच्या घरी सोमवारी बैलाले जू लावत नाई. कसाई म्हणते आम्हाले!"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, अगदी शांत. "अन सखारामचा सोमवार कोणता असते हो?"

सखाराम त्यांचा सालदार. दिवस सोमवारचाच होता आणि तो समोर गोठा झाडत होता. भाऊराव त्याच्याकडं बघत राहिले, मग खाली बसले. सर खोकल्याच्या नावाखाली हसत होते.

मी 'कसाई' खोडला. मागणी खोडली नाही. नव्या पत्रकावर एवढंच छापलं: बैलाला सोमवार आहे, माणसाला कधी? भाऊरावांनी पाडव्याला सखारामला सोमवार दिला. त्यांच्यामागून आणखी काहींनी दिला, उरलेल्यांनी भाऊरावांशी बोलणं टाकलं. गाव दुभंगलंच. दुभंगू दे. पण आमचा एकही गडी घरी बसला नाही.

यंदा सर लेकीकडं सेवाग्रामला राहायला गेले. एसटीच्या एका अंगाला आम्ही सगळे, सखारामसकट, घोषणा देत उभे. दुसऱ्या अंगाला मालकांपैकी भाऊराव, एकटेच. सरांनी आम्हाला खिडकीतून हात केला, मग उठून पलीकडच्या सीटवर गेले. आम्हाला त्यांची नुसती पाठ दिसायला लागली.

मी घोषणा थांबवली आणि बसला वळसा घालून भाऊरावांशेजारी जाऊन उभी राहिले.

सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. "दक्षिणेच्या बाकावर बसली का शेवटी?"

"उभीच आहे, सर," मी म्हणाले.